लिंक उघडत नाही, उडवू का?

प्रश्न : राम राम दादा. मी यावल तालुक्यातला, मराठी विकिपीडियावर आपल्या जळगाव-धुळ्याकडची पानं जमेल तशी नीट करत असतो. एका पानावरच्या निम्म्या लिंका उघडतच नाहीत, एक तर थेट रमीच्या जाहिरातीवर जाते. मित्र म्हणतो उडव सगळ्या. उडवू का?

उत्तर : थांबा भो! आधी लिंक कुठंय ते बघा. खाली 'बाह्य दुवे'मध्ये नुसती टाकलेली असेल आणि जुनी प्रतही कुठं मिळत नसेल तर खुशाल काढा. पण वाक्याला संदर्भ म्हणून लावलेली असेल तर हात लावू नका, कारण उद्या दुसरा कोणी येतो आणि 'संदर्भ नाही' म्हणून अख्खं वाक्यच कापतो. समजा फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला छापील पेपरचा संदर्भ दिलाय, नाव, तारीख, पान सगळं आहे, फक्त लिंक बंद पडली, तर तो संदर्भ चालतोच की, पेपर लायब्ररीत बघता येतो.

मग खरंच मेलीय का ते बघा. लिंक उघडताना ५०३ हा एररचा आकडा आला तर सर्व्हर तात्पुरता बंद असतो, दोन-चार दिवसांनी परत उघडून बघायची. ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', आला तरी पान दुसरीकडं गेलेलं असू शकतं, सरकारी साइटींचं तर हे नेहमीचंच, जळगाव जिल्ह्याची साइट आधी एनआयसी डॉट इन वर होती, आता जीओव्ही डॉट इन वर. शीर्षक सर्च करा, नवा पत्ता मिळाला की तोच टाका.

नाहीच मिळाला तर वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट, इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं. जुना पत्ता टाकला की कॅलेंडर येतं, तारखेवर क्लिक करायचं. त्या प्रतीच्या पत्त्यात मधेच १४ आकडे दिसतात, २०१४०८१५ वगैरे, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि पुढं तास-मिनिट-सेकंद. माहिती लेखात घातली त्या सुमाराची प्रत घ्या, सगळ्यात ताजी नको, कारण ताज्या प्रतीत कधीकधी 'पान सापडले नाही' हेच जपून ठेवलेलं असतं (हसू नका, खरंय). मग संदर्भाच्या साच्यात (विकिपीडियावरचा तयार फॉर्म, टेम्प्लेट) आर्काइव्हचा पत्ता आणि तारीख भरा, मूळ पत्ता राहू द्या.

प्रतच नसेल तर लिंकेपुढं 'मृत दुवा' साचा, महिना-वर्षासकट.

आता तुमची रमीवाली. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली आणि दुसऱ्याने ते घेतलं की असं होतं, आणि ही लिंक मेलेल्या लिंकेपेक्षा वाईट, वाचणारा भलतीकडं जातो ना. इथं साच्यात लिंकेची स्थिती 'डेड' नाही, 'युझर्प्ड' (usurped, म्हणजे दुसऱ्याने बळकावलेली) लिहा, मग मूळ लिंक दिसतच नाही, फक्त आर्काइव्हची दिसते. प्रत नसली तर पत्ता तेवढा काढा, बाकी संदर्भ ठेवा.

आणि नवा संदर्भ टाकताना लगेच वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाकून प्रत करून घेत जा, मिनिटभराचं काम आहे. मित्रालाही सांगा.