शहरातली कला कोणाच्या भरवशावर?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्को येथे राहते. तिच्याकडे गेलो असता विमानतळावर, ग्रंथालयात, इतकेच काय सार्वजनिक इस्पितळातही मोठमोठी शिल्पे आणि चित्रे पाहिली. ती शहराच्या ‘आर्ट्स कमिशन’ने बसवली आहेत, असे कळले. हे कमिशन म्हणजे महापालिकेचे एखादे खातेच का? आणि एवढा पैसा येतो कुठून? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ते शहर प्रशासनाचाच भाग आहे, पण त्याचे निर्णय एका अधिकाऱ्याच्या सहीने होत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सनदेने, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ कायद्याने, १९३२ साली हा कला आयोग स्थापन केला. त्याच्या १५ सदस्यांची नेमणूक महापौर करतात. मात्र त्यांतल्या बहुतेक जागा वास्तुविशारद, चित्रकार, लेखक, रंगकर्मी अशा प्रत्यक्ष त्या त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी सनदेतच राखून ठेवलेल्या असल्यामुळे महापौरांना आपल्या मर्जीतली माणसे सरसकट बसवता येत नाहीत. शहराच्या मालकीच्या कलाकृतींचा सांभाळ करणे आणि शहराच्या नव्या सार्वजनिक इमारतींचे आराखडे तपासणे ही दोन्ही कामे याच आयोगाकडे आहेत.

पैशाचे उत्तर १९६९ सालच्या एका नियमात आहे. शहराने इमारत, उद्यान किंवा तत्सम मोठे बांधकाम हाती घेतले की त्या बांधकाम खर्चाच्या २ टक्के रक्कम कलाकृतींसाठी बाजूला काढावी लागते. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या बांधकामाला पाच कोटी डॉलर लागणार असतील, तर त्यातले दहा लाख डॉलर पहिल्या अंदाजपत्रकातच कलेच्या नावावर पडतात. माझ्या मते या व्यवस्थेचे मर्म इथेच आहे. सगळी कामे उरकल्यावर काही शिल्लक राहिले तर चित्र लावू, हा विचारच तिथे संभवत नाही. शिवाय पैसा आधीच ठरलेला असल्यामुळे इमारतीचा आराखडा कागदावर असतानाच कलावंताला बोलावता येते आणि भिंत कुठे मोकळी ठेवायची, उजेड कुठून घ्यायचा, याविषयी त्याचे म्हणणे वास्तुविशारदाला विचारात घेता येते.

या पद्धतीची उणीवही सांगायला हवी. बांधकामाशी जोडलेला पैसा जिथे बांधकाम चालू आहे तिथेच जातो आणि त्यातून वस्तू उभ्या राहतात; नाटक, नृत्य, कविता यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही. म्हणून दुसरा ओघ हॉटेलांवरील कराचा. २०१८ सालच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी या कराचा ठरावीक हिस्सा कला आणि संस्कृतीसाठी राखून ठेवण्यास भरघोस कौल दिला. अर्थात पर्यटक आले तर हा कर येतो, आणि करोनाच्या काळात हॉटेले ओस पडली तेव्हा हा आधारही डळमळला. याखेरीज १९९३ पासून चालत आलेली एक अनुदान योजना, ज्या समाजांच्या कलेला पूर्वी शहराकडून फारसे काही मिळत नसे, त्यांच्या संस्था आणि कलावंत यांच्यासाठी आहे.

वस्त्यांमधल्या सांस्कृतिक केंद्रांचाही इथे उल्लेख केला पाहिजे. अशा चार इमारती शहराच्या मालकीच्या आहेत. त्यांतले बेव्ह्यू ऑपेरा हाऊस तर १८८८ सालचे आहे. इमारत शहराची, कार्यक्रम मात्र त्या वस्तीतली ना-नफा संस्था ठरवते.

आणि मला सर्वांत भावते ती रस्त्यावर बसून आपली कला विकणाऱ्यांची योजना. १९७२ सालापासून शहर अशा कारागिरांना परवाना देते. परवाना मिळण्याआधी अर्जदाराला परीक्षकांच्या समितीपुढे आपले साहित्य आणि हत्यारे घेऊन जावे लागते आणि वस्तू आपणच घडवतो हे करून दाखवावे लागते. घाऊक बाजारातून आणलेला माल तिथे चालत नाही. परवाना मिळाल्यावर बसण्याच्या जागा सोडतीने वाटल्या जातात, त्यामुळे मोक्याची जागा कोणा एकाची कायमची होत नाही. एखाद्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराला शहराने दिलेला हा मान मला कोणत्याही भव्य शिल्पाइतकाच मोलाचा वाटतो.

प्रश्न : कलाकृतीची निवड तिथे खरोखर निःपक्षपाती होते का? राजकीय दबाव येतच असेल. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतो. याच शहरातले माया अँजेलो यांचे स्मारक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शहरातल्या पुतळ्यांमध्ये प्रत्यक्ष होऊन गेलेल्या स्त्रिया जवळजवळ नाहीतच, हे ध्यानात आल्यावर मुख्य ग्रंथालयाबाहेर या कवयित्रीचे स्मारक उभारायचे ठरले. निवड समितीने २०१९ साली लाव्हा थॉमस या कृष्णवर्णीय कलावंत स्त्रीची कल्पना पसंत केली : ब्राँझचे नऊ फुटी पुस्तक आणि त्यावर अँजेलो यांचा चेहरा. परंतु स्मारकाचा पाठपुरावा करणाऱ्या नगरप्रतिनिधींना पारंपरिक धाटणीचा पूर्णाकृती पुतळा हवा होता. आयोगाने माघार घेतली आणि सगळी प्रक्रिया नव्याने सुरू केली.

यावर कलावंतांनी, विशेषतः कृष्णवर्णीय कलावंत स्त्रियांनी, आयोगाच्या बैठकांमध्ये जाऊन जाब विचारला. या बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते आणि कोणाही नागरिकाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. अखेरीस २०२० साली आयोगाने थॉमस यांची जाहीर माफी मागितली आणि काम त्यांनाच दिले. स्मारकाचे अनावरण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. यात वर्षे वाया गेली आणि एका कलावंताला अपमान सोसावा लागला, हे विसरता येणार नाही. पण बंद खोलीत झाला असता तर हा अन्याय दुरुस्त होण्याची वाटच उरली नसती.

प्रश्न : आपल्याकडे असे काही आहे का? नसल्यास नागरिकांनी काय मागावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याकडे पुतळ्यासाठी परवानगीची पद्धत आहे, त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. मात्र ती नमुन्याची तपासणी झाली. शिल्पकार कोणी निवडावा, पैसा कोणत्या नियमाने यावा आणि अनावरणाचा हार सुकल्यावर त्या पुतळ्याकडे कोणी पाहावे, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. म्हणून माझ्या मते पहिली मागणी देखभालीची असावी : पालिकेच्या मालकीची शिल्पे, भित्तिचित्रे आणि नाट्यगृहे यांची यादी प्रसिद्ध करावी आणि त्यांच्या निगेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. नव्या बांधकामातला कलेचा हिस्सा त्यानंतर मागावा. तुमच्या पुणे महापालिकेत तर पुढील अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांमार्फत कामे सुचवून घेतली जातात. आपल्या प्रभागातल्या एखाद्या दुर्लक्षित शिल्पाचे छायाचित्र जोडून तसा अर्ज यंदाच देता येईल.