उबुंटूवर बंद केलेला आयपीव्ही६ रीबूटनंतर परत का येतो?

तुमचं म्हणणं असं: कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात उबुंटू डेस्कटॉप आहे. ब्राउझर नीट चालतो, पण डब्ल्यूगेटने (wget, टर्मिनलमधून फाइल उतरवणारी आज्ञा) फाइल उतरवताना ते 'कनेक्टिंग'वर लटकतं. सिसकंट्रोलने (sysctl, कर्नलच्या सेटिंग बदलणारी आज्ञा) आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, बंद केला, रीबूटनंतर परत आला.

आधी खात्री करा. तीच फाइल एकदा डब्ल्यूगेट -४ (फक्त जुन्या आयपीव्ही४ने) आणि एकदा डब्ल्यूगेट -६ (फक्त आयपीव्ही६ने) ने मागवा. -४ ने लगेच आली आणि -६ अडकलं तर दोष आयपीव्ही६चाच. राउटर पत्ता देतो, पण बाहेर जायला वाट नसते. ब्राउझर दोन्ही वाटा जवळजवळ एकदमच चाचपतो, म्हणून तिथे जाणवत नाही. डब्ल्यूगेट एकेक पत्ता धरतं आणि पहिला सोडायला साधारण दोन मिनिटं घेतं. दोन्ही अडकत असतील तर आयपीव्ही६ला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे.

सिसकंट्रोल -डब्ल्यू फक्त चालू कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) लिहितं, रीबूटला ते पुसलं जातं. सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये फाइल ठेवली तरी डेस्कटॉपवर भरवसा नाही, कारण कनेक्शन जोडताना नेटवर्क मॅनेजर (उबुंटूत कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) त्या इंटरफेसची, म्हणजे नेटवर्क कार्डाची, सेटिंग स्वतः लिहितो. म्हणून त्यालाच सांगा: सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शनपुढचं गिअरचं चिन्ह, आयपीव्ही६ टॅब, 'डिसेबल', 'अप्लाय'. मग कनेक्शन बंद करून चालू करा. केबल, वायफाय, मोबाइलचं हॉटस्पॉट, प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं असतं. केबलचं बंद केलं म्हणून वायफायचं होत नाही. एनएमसीएलआयने (nmcli, नेटवर्क मॅनेजरची टर्मिनलमधली आज्ञा) करत असाल तर आयपीव्ही६.मेथडला 'डिसेबल्ड' द्या. 'इग्नोर' दिलंत तर नेटवर्क मॅनेजर बाजूला होतो, पण कर्नल राउटरकडून पत्ता घेतच राहतो.

ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) आयपीव्ही६.डिसेबल=१ घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. डेस्कटॉपसाठी मला तो अजिबात पटत नाही. त्याने अख्खा प्रोटोकॉलच जातो, आणि एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरच्या फाइलमध्ये [::]:८० ही ओळ असेल तर तो सुरूच होत नाही. सिसकंट्रोलच्या 'ऑल'मध्येही (सगळ्या इंटरफेसांसाठीची सेटिंग) लूपबॅक, म्हणजे संगणकाचा स्वतःशीच असलेला जोड (पत्ता ::१), येतो. मग ::१ वर ऐकणारी सेवा 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' म्हणून पडते.

शेवटी 'आयपी -६ ॲड्रेस' चालवा. फक्त लूपबॅकचा ::१ दिसला पाहिजे. त्या कार्डावर अजून एफई८०ने सुरू होणारा पत्ता असेल, तर 'डिसेबल'ऐवजी 'लिंक-लोकल ओन्ली' निवडलं गेलंय का ते पाहा.