थेंब तू बघितलेलाच नाहीस

प्रिय पोरी,

रविवारी फाइल ठेवून तू खानापूरची बस धरलीस. रात्रीत मी ती दोनदा उघडली. प्रदर्शनासाठी काढलेली बारा चित्रं. सिरिंज, अश्रू, लाल थेंबांची रांग, मधोमध निळं वर्तुळ. ‘सर, आजार चित्रात आणू की लपवू?’ असं विचारत होतीस. प्रश्नच चुकलाय गं. आधी बघ, मग काढ. तू बघितलेलंच नाहीस.

साखर तपासायला दिवसातून चार वेळा बोट टोचतेस ना? मग थेंब असा सपाट, शेंदरी कसा? उद्या बोटाच्या कडेला टोचलंस की मीटरची पट्टी लावायच्या आधी क्षणभर थांब. थेंब घुमटासारखा उभा राहतो. कडेला जवळजवळ काळा, माथ्यावर तुझ्या खिडकीचा पांढरा चौकोन, गजांसकट. पट्टी तो ओढून घेते आणि बोटावर फिकट डाग उरतो. एवढं कागदावर आलं तर अश्रू कशाला लागतील? निळं वर्तुळ जगभर मधुमेहाचं चिन्ह आहे, ते फलकावर असू दे.

मला १९७९ साली, पंधराव्या वर्षी साखर निघाली. घरात मीटर कुठला! परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर सुटलो. नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. अख्खी रंगपेटी रोज सकाळी शहापुरातल्या आमच्या माजघरात उकळत होती. आणि चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात वाढलेला मी काय काढत होतो? राजहंसगडावरचा सूर्यास्त. तीस वर्षं गड, ढग आणि लोकांचे आजोबा. नळी एकदाही नाही. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. घरात साखर आहे हे गल्लीत पसरलं असतं तर स्थळं आली असती का? सबब वाटते ना? वाटू दे. बहिणी सुखात आहेत. पण आता नळी काढायला बसलो की तो विटकरी नेमका कसा होता ते आठवत नाही.

एक गोष्ट रागानं लिहितोय. साखर खाली गेली की रेघ ‘वेगळीच’ येते, म्हणून तशीच काढत बसतेस म्हणालीस. मूर्खपणा आहे. मीही केलाय. एका प्रात्यक्षिकात घाम फुटला, ब्रश गळून पडला, लोक म्हणाले मास्तर पिऊन आलेत. मी खुलासा केला नाही (लपवायचं होतं ना!). तसली चित्रं मी जपून ठेवली होती. वर्षानं काढली तर नुसतं गिचमीड. साखर ७० च्या खाली गेली की हात हलतो, डोळा बघत नाही. पेन्सिल खाली ठेव, पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून घे, पंधरा मिनिटं थांब, परत तपास. आधी बघ म्हणतो त्यात हेही आलं.

इन्सुलिन शोधणाऱ्यांतला बँटिंग चित्रं काढायचा, ठाऊक आहे? १९२७ मध्ये ए. वाय. जॅक्सन या चित्रकाराबरोबर तो आर्क्टिकला गेला आणि तिथं बसून स्केचेस केली. समोर होतं ते काढलं.

तुझ्या समोर काय आहे? जाता जाता सांगितलंस, करंट गेला की आजी इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवते आणि ते मडकं ओल्या वाळूत. खानापूरच्या लाल मातीचं, तुमच्याच गावात भाजलेलं. पाणी झिरपतं, वाळतं, आत गार राहतं. आणि लगेच म्हणालीस, ‘ते जाऊ दे सर.’ जाऊ कसं देऊ? बारा चित्रांत मडकं एकही नाही!

प्रदर्शनात नावापुढे ‘मधुमेही’ लावायचं का, ते मागाहून बघू.

येत्या रविवारी फाइल नको, मडकं आण. आजीला दुसरं मांडून दे आणि हे मांडीवर घेऊन बस. घासू मात्र नको. पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ चढली असेल, ती मला बघायचीय. खव्याचा कुंदा आणू नको, मागच्या वेळी दोघांनाही झेपला नाही. आणि चारच्या आत पोच. डाव्या डोळ्याला लेसर झाल्यापासून उजेड उतरला की मला पांढरं आणि पिवळं वेगळं दिसत नाही.

तुझा,
सर