एसएसडी बसवली, पण स्पीड कुठं अडकला?

या वेळी एसएसडीबद्दलची, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या वेगवान ड्राइव्हबद्दलची पत्रं बरीच आलीत, त्यातली तीन घेतोय.

प्रश्न: दादा, माझं चादर-टॉवेलच्या डिझाइनचं काम असतं, कॉम्प्युटर दहा-अकरा वर्षं जुना आहे. मागच्या महिन्यात नवी पेठेतनं ५०० जीबीची साटा (केबलनं जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी आणून बसवली. डब्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलंय आणि टेस्ट केली की २७० च्या वर जातच नाही. दुकानदार म्हणतो माल ओरिजिनल आहे. मला फसवलंय का ओ?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर: नाही ओ, दुकानदार खरं बोलतोय. २७० हा आकडा वाचल्या वाचल्याच मला कळलं की तुमची एसएसडी ३ गिगाबिटच्या पोर्टला लागलीय. हिशोब असा, की साटाच्या तारेतनं ८ बिट डेटा पाठवायला १० बिट जातात, म्हणून ३ गिगाबिटला, म्हणजे ३००० मेगाबिटला, आठानं नाही, दहानं भागायचं, झाले सेकंदाला ३०० एमबी, त्यातला थोडा वरखर्च गेला की हातात २७०-२८० राहतात. ६ गिगाबिटच्या पोर्टला तीच एसएसडी साडेपाचशेला जाते. तुमच्या अशोक चौकात हे वेगळं सांगायला नको, माग कितीही जोरात चालणारा असू दे, सुताच्या कांड्या भरून वेळेवर आल्या नाहीत तर तो उभाच राहणार.

आता बघायचं कसं? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की ट्रान्सफर मोड म्हणून एक ओळ दिसते, तिच्यात उभ्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे असतात. डावीकडचा म्हणजे आत्ता जे चाललंय ते, उजवीकडचा म्हणजे ड्राइव्हची ताकद. तुमच्याकडं डावीकडं साटा ३०० आणि उजवीकडं साटा ६०० दिसणार, मी जवळजवळ पैजेवर सांगतो. मग मशीन बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डचं (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचं) नाव वाचा. एच ८१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड असेल तर त्यात दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात, बऱ्याच बोर्डांवर रंग पण वेगळा असतो, तर केबल फक्त त्या पोर्टला बदलून लावायची, एक रुपया खर्च नाही. पण एच ६१ असेल तर त्या चिपसेटमध्ये ६ गिगाबिटचा पोर्टच नाही. तसं असलं तरी वाईट वाटून घेऊ नका, कारण विंडोज चालू होणं, डिझाइनची फाइल उघडणं यात बारीक बारीक फायली इकडनं तिकडनं वाचायच्या असतात, तिथं जुनी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा जेमतेम वाचते आणि एसएसडी हजारोंनी वाचते, तो फायदा तुम्हाला २७० वर पण पूर्ण मिळतोच.

अजून एक, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर असेल तर तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर करायचा, पण थेट बदलू नका, विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसतं. विंडोज १० असेल तर आधी सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींनिशी विंडोज चालू होतं तो मोड) चालू व्हायची सेटिंग करा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू झालं की सेटिंग परत काढून टाका. आणि हे सगळं करायच्या आधी डिझाइनच्या फायलींचा बॅकअप घ्या, कळकळीनं सांगतो, एका फायलीमागं किती रात्री गेलेल्या असतात ते मला माहितीये.

प्रश्न: सर, लग्नाचं शूटिंग करतो. लॅपटॉपला १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) टाकलीय. बाहेरच्या एसएसडीवरनं २०० जीबी फुटेज टाकायला लागलो की आधी सुसाट जातं आणि मग एकदम शंभरवर येऊन रडतं. खराब आहे का?
– जुळे सोलापूर

उत्तर: खराब नाही, पण तुमच्या कामाला ती बरोबर निवडलेली नाही. तुमची बहुतेक क्यूएलसी जातीची असणार. त्यात चिपमधल्या एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या कप्प्यात) ४ बिट कोंबतात, टीएलसी जातीत ३. इतकं बारीक लिहायला वेळ लागतो म्हणून ड्राइव्ह आधी मोकळ्या जागेत सेलमागं एकच बिट असं भराभर लिहून घेते आणि नंतर निवांत आवरते. ती जागा भरली की खरा स्पीड उघडा पडतो, आणि ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ती जागा लहान. म्हणून निदान १५-२० टक्के रिकामी ठेवाच. पुढच्या वेळी टीएलसी घ्या, डीरॅमवाली (स्वतःची वेगळी मेमरी चिप असलेली) मिळाली तर उत्तम, आणि डब्यावरचा सेकंदाला ७००० एमबीचा आकडा न बघता सलग मोठं कॉपी केल्यावर किती टिकतो ते रिव्ह्यूत बघा.

दुसरा संशय उन्हाचा. आपल्याकडं मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, त्यात पंखा धुळीनं भरलेला, आणि एनव्हीएमई ७०-८० डिग्रीच्या आसपास गेली की स्वतःहून हळू होते. माझ्या स्वतःच्या मशीनला एका दुकानात हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) बसवून घेतलं होतं तरी तापमान ८० च्या पुढंच, शेवटी घरी उघडून बघितलं तर मधल्या थर्मल पॅडवरचं (उष्णता पुढं नेणाऱ्या मऊ पट्टीवरचं) निळं प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं! काढलं आणि वीसेक डिग्री उतरली. तुम्ही पण एकदा उघडून बघा.

प्रश्न: एम.२ एसएसडी स्लॉटमध्ये बसतेय पण लॅपटॉपला दिसतच नाही?
– होटगी रोड

उत्तर: एम.२ हा फक्त आकार झाला, आत साटा पण असते आणि एनव्हीएमई पण. पट्टीला दोन खाचा असतील तर ती बहुतेक साटा, एकच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा स्लॉट साटाच ओळखतो. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा, लांबी पण तिथंच दिलेली असते, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. बदलून द्यायची मुदत अजून असेल तर बिल घेऊन आजच दुकानात जा.