इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं पद घेऊ का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची. कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मेट्रन मॅडम इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं, म्हणजे रुग्णालयात संसर्ग पसरू नये हे पाहणाऱ्या नर्सचं, पद घे म्हणताहेत. घरचे म्हणतात, कागद रंगवायचे आणि सगळ्यांच्या नजरेत वाईट व्हायचं. ताई, यात पुढे जाता येतं का?

उत्तर : येतं. पण वाईटपणा येतो, हेही खरं. या पदावरच्या पहिल्या वर्षी मी हात न धुण्यावरून आयसीयूत सगळ्यांना बोलत सुटले होते. काही बदललं नाही. मग पंधरा दिवस वही घेऊन नुसती उभी राहिले. हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या जंतुनाशकाची, बाटली एकच, तीही नर्सिंग स्टेशनवर! दहा पेशंटमध्ये धावणारी मुलगी दरवेळी तिथवर जाणार कशी? प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बाटली अडकवली, आणि माझं बोलणं निम्म्यावर आलं. तेव्हापासून मी आधी पाहते, मोजते, मग तोंड उघडते.

मोजणं तुम्हाला जमेलच. रोज ठरल्या वेळी किती पेशंटना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे ते लिहायचं. महिन्याची बेरीज ४०० लाइन-दिवस आणि लाइनमुळे संसर्ग २ झाले, तर दर हजार लाइन-दिवसांमागे ५. हा आकडा घेऊन बसलात की मोठे सर्जनही ऐकतात.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने लाइनचे संसर्ग झपाट्याने खाली आणले. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. नवं औषध काही नव्हतं. हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसा, टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्ह्ज घालून पेशंटला पूर्ण झाका, जमेल तिथे जांघेतली लाइन टाळा, गरज संपली की लाइन काढा. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की यातलं काही चुकलं तर डॉक्टरांना थांबवायची मुभा नर्सला होती.

म्हणून होकार देण्याआधी मेट्रन मॅडमना विचारा : मला थांबवायचा अधिकार लेखी मिळेल का? मी पूर्णवेळ याच कामाला, की वॉर्डची ड्यूटीही माझ्याच गळ्यात? आणि माझा अहवाल थेट वैद्यकीय संचालकांकडे जाईल का? दोन्ही ड्यूट्या सांभाळायच्या असतील, तर घेऊ नका. मी तीन वर्षं तशी काढली. रात्री घरी बसून रजिस्टरं भरली आणि राउंड मात्र राहून गेले.

पुढच्या वाटेचं म्हणाल, तर रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत संसर्ग नियंत्रणाचं वेगळं प्रकरणच आहे, त्यामुळे मान्यता हवी असलेल्या रुग्णालयाला हे काम टाळता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा वाचा, कल्चर रिपोर्ट (नमुन्यात कोणते जंतू वाढले ते सांगणारा) स्वतः समजून घ्या. अनुभव झाला की सीआयसी ही संसर्ग नियंत्रणाच्या प्रमाणपत्राची आंतरराष्ट्रीय परीक्षा देता येते. क्वालिटी आणि पेशंट सेफ्टीच्या प्रमुखपदाची वाटही इथूनच जाते.

पद घेतलंत तर पहिला राउंड सफाईच्या मावशींबरोबर करा. दूषित प्लास्टिकच्या लाल पिशवीत सुई कुठल्या वॉर्डातून येते, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. सुई टाकायची पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात. ती लाल पिशवीत गेली की टोचते मावशींच्याच बोटाला. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसेल. तुम्ही विचारा.