स्कॉटलंडच्या माळावरची जिन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्याच्या सदरात स्कॉटलंडमधील छोट्या जिन-भट्ट्यांचा, म्हणजे जुनिपर या झुडपाच्या फळांचा सुगंध दिलेले मद्य काढणाऱ्या भट्ट्यांचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी गेली नऊ वर्षे ॲबर्डीनजवळ राहतो. घरामागच्या टेकडीवर हेदर आणि गॉर्स ही फुलझुडपे मुबलक आहेत. त्यांची जिन करून पाहावी आणि जमलीच तर थोडी थोडी विकावी, असे मनात आहे. सुरुवात स्वयंपाकघरातच तांब्याच्या लहानशा पात्राने केली तर चालेल का? (एक दांपत्य, ॲबर्डीनशायर)

उत्तर: चालणार नाही. ब्रिटनमध्ये मद्यार्काचे ऊर्ध्वपातन (तापवून वाफ करून ती पुन्हा थंड करणे) करायला महसूल खात्याचा परवाना लागतो, आणि ते स्वतःपुरते केले, कोणाला विकले नाही, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही. शिवाय मद्यार्काची वाफ झटकन पेट घेते. गॅसच्या उघड्या ज्योतीवर असले पात्र ठेवणे हा कायदा बाजूला ठेवला तरी वेडेपणाच आहे.

परवान्याचे दार मात्र पूर्वीइतके बंद राहिलेले नाही. १८०० लिटरपेक्षा लहान पात्राला परवाना नाकारण्याची महसूल खात्याची जुनी वहिवाट होती, त्यामुळे लहान माणसाला या धंद्यात पायच ठेवता येत नसे. लंडनच्या सिपस्मिथ या भट्टीने पिच्छा पुरवून २००९ मध्ये त्याहून पुष्कळ लहान पात्राला परवाना मिळवला आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या बेटाबेटांवर व खोऱ्याखोऱ्यांत छोट्या भट्ट्या उभ्या राहू लागल्या.

परवाना मिळेपर्यंत आपल्याला करण्यासारखे एक काम आहे, आणि माझ्या मते खरे शिक्षण त्यातच आहे. दुकानातून कर भरलेली साधी व्होडका आणा, लहान बरण्यांत ती ओता आणि प्रत्येक बरणीत एकच वनस्पती भिजत घाला. हेदर वेगळे, गॉर्स वेगळे, जुनिपर वेगळे. चोवीस तासांनी गाळून, थोडे पाणी घालून वास घ्या आणि चव पाहा. स्वतःपुरते असे भिजवून पाहायला परवाना लागत नाही. चार-सहा आठवडे हे केल्यावर आपल्या ध्यानात येईल की टेकडीवर नाकाला भुरळ घालणाऱ्या निम्म्या वनस्पती बरणीत उतरल्यावर ओल्या गवतासारख्या लागतात. व्यवसायाचे बेत त्यानंतर आखावेत. सुरुवातीला स्वतःचे पात्र विकत घेण्याऐवजी परवाना असलेल्या एखाद्या भट्टीकडून आपल्या पाककृतीने जिन काढून घेण्याचीही रीत तिथे आहे.

प्रश्न: रानातून नेमके काय गोळा करतात, कधी करतात आणि ते पात्रात कसे घालतात? आपल्याकडे पावसाळ्यात बायका टाकळा, शेवळे खुडायला जातात, तसेच हे असते का? (एक वाचक, पालघर)

उत्तर: उपमा अगदी योग्य आहे. शेवळे ज्या पंधरवड्यात मिळतात तो हुकला की वर्षभर थांबावे लागते, तसाच प्रकार इथेही आहे.

वसंतात पहिला मान गॉर्सचा. हे काटेरी पिवळे झुडूप दिवसाला ऊन असेल तर लांबूनच नारळासारखे घमघमते. पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस कुठे खोबरे किसले जात आहे का, म्हणून हमखास मागे वळून पाहतो. मात्र फूल खुडायला बोटे दोन काट्यांच्या मधून आत घालावी लागतात, हातमोजा घातला तर फूल पकडता येत नाही आणि काढला तर बोटे सोलवटतात. तासाभराच्या कष्टाने हाती येतात ती मूठ-दोन मूठ फुले. मे-जूनमध्ये स्वीट सिसली आणि एल्डरची फुले, उन्हाळ्यात दलदलीच्या कडेला बॉग मर्टलची पाने, जुलै-ऑगस्टमध्ये मेडोस्वीट, ऑगस्टमध्ये हेदर आणि त्यापाठोपाठ रोवनची लालभडक फळे, असा साधारण क्रम असतो. बॉग मर्टलचे पान चुरगळून हुंगल्यास निलगिरी आणि तमालपत्र यांच्या मधला वास येतो. डोंगराळ भागातले लोक माशा-चिलटे दूर ठेवायला त्याच्या डहाळ्या वापरत आले आहेत, आणि बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले रूढ होण्यापूर्वी बिअरलाही तेच घालत.

फुले कोरड्या हवेत, दव उडून गेल्यावर खुडावीत आणि टोपलीत किंवा कापडी पिशवीत ठेवावीत. माझ्या पहिल्या वर्षी मी मेडोस्वीट प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाडीत ठेवले होते. दोन तासांनी पिशवी उघडली तेव्हा आत तपकिरी लगदा होता आणि त्याला शिळ्या भाजीचा वास येत होता.

पात्रात घालण्याची रीत वनस्पतीवर अवलंबून असते. जुनिपर, धणे, अँजेलिकाचे मूळ, ज्येष्ठमध, लिंबाची साल असे दणकट पदार्थ सुमारे पन्नास टक्क्यांपर्यंत पातळ केलेल्या मद्यार्कात रात्रभर भिजवून त्यातच तापवतात. नाजूक फुले अशी उकळली तर त्यांचा शिजवलेला वास येतो. म्हणून ती वाफेच्या वाटेवर टोपलीत टांगतात, जेणेकरून वाफ त्यांच्यातून जाताना सुगंध उचलून नेते. आयला बेटावरच्या ब्रुकलाडी भट्टीची ‘द बोटॅनिस्ट’ ही जिन याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात ३१ वनस्पती असतात. पैकी नऊ जिनच्या नेहमीच्या आणि २२ बेटावर गोळा केलेल्या, आणि या बावीस वेगळ्या टोपलीतून वाफेला भेटतात. ज्या जुन्या, बोजड पात्रात ती काढतात त्याला कामगारांनी ‘अग्ली बेटी’ असे नाव ठेवले आहे. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या बालमेनाक भट्टीतील ‘करून’ या जिनमध्ये रोवन, बॉग मर्टल, हेदर, डँडेलियन आणि ‘कूल ब्लश’ जातीचे सफरचंद असे पाचच स्थानिक घटक आहेत, तर हॅरिस बेटावरच्या जिनची ओळख म्हणजे पाणबुड्याने समुद्रात उतरून हाताने कापलेले शुगर केल्प हे शेवाळ. मला व्यक्तिशः पाचांची गोष्ट अधिक पटते. एकतीस घटकांतला प्रत्येक ओळखणारे नाक फार थोड्यांना लाभलेले असते.

ऊर्ध्वपातनाचा वेग हळू ठेवावा लागतो. पहिला थोडा भाग बाजूला काढतात, कारण त्यात मागच्या खेपेची नळीत चिकटलेली तेले येतात. नंतर लिंबाची साल आणि जुनिपर, त्यामागून धण्यासारखे मसाले आणि शेवटी मुळांचा मातकट वास, अशा क्रमाने सुगंध उतरत जातात. धारेला शिजवलेल्या भाजीचा वास येऊ लागला की थांबायचे. ही वेळ घड्याळ सांगत नाही, ती जिभेनेच ठरवावी लागते.

प्रश्न: रस्त्याकडेच्या वनस्पती गोळा करताना विषबाधेचा धोका किती? आणि हे सारे फुकट आहे ना? (एक विद्यार्थिनी, ग्लासगो)

उत्तर: धोका खरा आहे. स्वीट सिसलीला पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात, तशाच त्या हेमलॉकलाही येतात, आणि हेमलॉकने माणूस मरतो. सिसलीचे पान लवदार, मऊ असते आणि चुरगळले की बडीशेपेचा स्वच्छ वास येतो. हेमलॉकचे खोड गुळगुळीत, त्यावर जांभळट डाग आणि वास उंदरासारखा कुबट. बडीशेपेचा वास आल्याखेरीज अशा छत्रीसारख्या फुलांच्या कुळातले काहीही पिशवीत टाकायचे नाही, हा नियम पाळावा, आणि पहिल्या हंगामात वनस्पती ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जावे. यू या झाडाची पाने व बिया विषारी असतात. त्याची सुईसारखी पाने आणि लाल फळे पाहून जुनिपर समजून कोणी हात घालू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की चालणे फुकट आहे, खुडणे नेहमीच नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीनसुधार कायद्याने लोकांना बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. पण तिथली वस्तू नफ्यासाठी उचलून नेणे या हक्कात बसत नाही, त्याला जमीनमालकाची परवानगी लागते. तसेच मालकाच्या संमतीविना कोणतेही रानरोप मुळासकट उपटणे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून अँजेलिकाचे मूळ बहुतेक जण विकतच घेतात.

प्रश्न: सगळे स्थानिक म्हणता, पण जिनमधले मुख्य जुनिपर तरी स्कॉटलंडचे असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: बहुतेक वेळा नसते, आणि या विषयातली खरी गोम तीच आहे. जिन हे नावच जुनिपरच्या डच नावावरून आलेले. कायद्यानेही तिच्यात जुनिपरची चव सर्वांत ठळक असावी लागते आणि मद्यार्क किमान ३७.५ टक्के. बाटलीवर हेदरचे चित्र असते, पण आत सर्वांत जास्त चव ज्याची, ते जुनिपर बहुधा इटलीच्या किंवा बाल्कन प्रदेशाच्या डोंगरातून आलेले असते.

एके काळी वारे उलटे वाहत होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधून पोत्यांनी जुनिपर बाजारात येई आणि डच जिनवाल्यांकडे रवाना होई. तिथल्या चोरट्या दारूभट्ट्या जुनिपरचीच लाकडे जाळत, कारण त्यांचा धूर फारसा दिसत नाही आणि महसुलाच्या शिपायांना माग लागत नाही, असे सांगतात. आज तेच झुडूप संकटात आहे. नर आणि मादी झुडपे वेगळी असतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो खरे तर मांसल शंकू असतो आणि तो पिकायला दोनेक वर्षे लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळी फळे शेजारी शेजारी दिसतात. जुनी झुडपे म्हातारी होत आहेत, मेंढ्या आणि हरणे नवी रोपे खुडून टाकतात, आणि त्यात फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री या रोगाची भर पडली आहे. ब्रिटनमधल्या जुनिपरवर तो २०११ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. तो मातीतून आणि पाण्यातून मुळांना लागतो, झुडूप तांबूस होऊन वाळते, आणि एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर तो आपल्याच बुटांच्या चिखलातून जाऊ शकतो.

त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाच्या हट्टापायी रानातले जुनिपर झोडपून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाचणीच्या बरणीसाठी एका लिटरला साधारण २० ग्रॅम जुनिपर, आठ-दहा ग्रॅम धणे आणि एखादा ग्रॅम अँजेलिका पुरते. हा हिशेब शेकडो लिटरला लावला की किती किलो लागेल ते पाहा आणि मग टेकडीवरच्या त्या दहा-बारा झुडपांकडे पाहा. जुनिपर विकत घ्यावे, ते कुठून आले ते बाटलीवर लिहावे, आणि स्थानिकपणाची हौस गॉर्स, हेदर, मेडोस्वीट यांच्यावर भागवावी. त्यांची तिथे वानवा नाही. स्वतःच्या जागेत जुनिपरची रोपे लावून वाट पाहणारेही काही जण आहेत, आणि ‘स्कॉटिश’ हे विशेषण खऱ्या अर्थाने त्यांनाच शोभेल.

प्रश्न: परवानाधारक भट्टीतून काढून घेतलेली आमची जिन पाणी घातल्यावर दुधाळ झाली. ती खराब झाली का? (एक वाचक, इन्व्हरनेस)

उत्तर: खराब झालेली नाही. पाण्यात डेटॉल टाकल्यावर जे होते तेच झाले आहे. सुगंधी तेले तीव्र मद्यार्कात विरघळून राहतात. पाण्याने तीव्रता उतरली की ती बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडतात. पुढच्या खेपेला जुनिपर आणि लिंबाची साल थोडी कमी करा, किंवा बाटली ४३ ऐवजी ४६ टक्क्यांवर भरा. थंड करून गाळल्यास ती नितळ होईल, पण गाळणीत अडकेल तो सुगंधच असेल.

प्रश्न: याच रीतीने कोकणात कोकमाची जिन निघेल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: परवान्याविना ऊर्ध्वपातन महाराष्ट्रातही गुन्हाच आहे, हे आधी सांगून ठेवतो. परवाना आहे असे धरले, तरी कोकम निराश करील. त्याचा आंबटपणा आणि रंग वाफेबरोबर वर चढत नाहीत, दोन्ही पात्राच्या तळाशी राहतात. कोकमाचा लाल रंग हवा असेल तर ते जिन काढून झाल्यावरच भिजवावे लागेल. जुनिपर मात्र आपल्या देशाला परके नाही. ते हिमालयात उगवते, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, आणि गोव्याच्या नाओ स्पिरिट्सने त्याच नावाची जिन काढली आहे. कोकणातल्या वस्तूंपैकी मी आधी तिरफळ आणि गवती चहा यांच्यावर हात टाकला असता. दोन्हींचा वास तेलात असतो आणि तो वाफेबरोबर सहज वर येतो. तिरफळाची मात्र आतली काळी बी काढून फक्त साल वापरावी, जसे आपण माशाच्या कालवणात वापरतो.