अपघातानंतर स्टँडवर, बाजारात सुरक्षित वाटत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापूर्वी महामार्गावर ट्रकने मागून उडवलं. हाडं जुळली, पण सांगली स्टँडवर किंवा गणपती पेठेत पाऊल टाकलं की छाती धडधडते, भिंतीला पाठ लावल्याशिवाय उभं राहवत नाही. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मनात मुरलेली भीती) सांगितलंय, घरचे म्हणतात ‘मन घट्ट कर’. चारचौघांत सुरक्षित वाटण्यासाठी काय करू?

मन घट्ट करून हे जात नाही, एवढं घरच्यांना माझ्या वतीने सांगा. आणि तुम्हाला एक कडू गोष्ट सांगतो: भिंतीला पाठ लावण्याची जी सवय तुम्हाला वाचवतेय असं वाटतं, तीच ही भीती जिवंत ठेवतेय.

साध्या आठवणीवर तारखेचा शिक्का असतो. कधीचं, कुठलं, संपलं की नाही, हे मनाला ठाऊक असतं. आघाताची आठवण आवाज, वास, उजेड अशा सुट्या तुकड्यांत साठते आणि त्यावर तारीख नीट उमटत नाही. म्हणून डिझेलचा धूर नाकात गेला की शरीर दीड वर्षापूर्वीचं सगळं आत्ता चाललंय असं धरून चालतं. स्टँड तुम्हाला इतका जड का जातो ते बघा. मागे घेतली जाणारी एसटी, कंडक्टरची शिट्टी, ब्रेकचा कर्कश आवाज, पाठीमागचा हॉर्न, धूर, सगळं एका जागी. आमराईत फिरताना एवढा त्रास होत नसेल, तर कारण हेच.

आता भिंतीचं. तुम्ही पाठ टेकून अर्धा तास उभे राहता, काहीच होत नाही, घरी येता. मेंदू यातून ‘स्टँडवर धोका नव्हता’ हे शिकत नाही, ‘भिंत होती म्हणून वाचलो’ हे शिकतो. ताप आपोआप उतरला तरी श्रेय दंडातल्या दोऱ्याला जातं, तसंच. असे दोरे बरेच असतात: दर दहा सेकंदांनी मागे बघणं, दाराजवळचीच खुर्ची पकडणं, मुठीत फोन धरून ठेवणं, लगेच निघता यावं म्हणून आधीच सुटे पैसे मोजून ठेवणं, भावाला सोबत घेतल्याशिवाय न निघणं. कागद घ्या आणि तुमचे लिहून काढा. चार-पाच तर सहज सापडतील. काही इतके अंगवळणी पडलेले असतात की घरच्यांनाच विचारावे लागतात.

पण सगळीच काळजी आजार नसते. हेल्मेट घालणं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणं ही शहाणपणाची काळजी. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ च्या चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. त्या गर्दीतून वाचलेल्या माणसाने जत्रेत शिरताना बाहेर पडायची वाट एकदा पाहून ठेवली, तर त्याला कोण नावं ठेवेल? एकदा पाहणं ठीक, दहाव्यांदा पाहणं हा दोरा. मी लावतो ती कसोटी अशी: अपघात न झालेला, पण सावध माणूस हे करेल का, आणि किती वेळा करेल?

पहिलं काम घरी बसून करायचं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला ‘तेव्हा’, दुसऱ्या बाजूला ‘आता’. हॉर्न ‘तेव्हा’ही होता, ‘आता’ही आहे. सारखं काय ते कुणाला सांगावं लागत नाही, शरीर ते आपोआप पकडतं. फरक मात्र मुद्दाम शोधावे लागतात. तेव्हा रात्र, आता दिवस. तेव्हा गाडी भरधाव, आता एसटी माणसाच्या चालीने फलाटाला लागतेय. तेव्हा अंगाखाली डांबर, आता मी दोन पायांवर उभा. मग मोबाईलवर हॉर्नचं, ब्रेकचं रेकॉर्डिंग आधी बारीक आवाजात आणि मग वाढवत, दहा-पंधरा मिनिटं ऐका. आवाज चालू असतानाच फरक मोठ्याने म्हणा आणि तेव्हा जी हालचाल करता आली नव्हती ती करा: उठा, मान वळवा, चार पावलं चाला. हे आठवडाभर रोज केल्याशिवाय स्टँडवर जाऊ नका. बहुतेक जण हा भाग सोडून थेट गर्दीत उडी मारतात आणि पहिल्याच दिवशी पोळतात.

त्यानंतर पायऱ्या. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे: ० म्हणजे दुपारी घरी पडल्यासारखं, १०० म्हणजे आत्ताच मरतो. ठिकाणं त्या क्रमाने मांडा. नमुन्यादाखल: सकाळी सहाला स्टँडसमोरच्या फुटपाथवर (३५), त्याच वेळी आत बाकावर (४५), तिथेच भिंतीपासून लांब, लोकांकडे पाठ करून (६०), संध्याकाळी कॉलेजं सुटताना फलाटावर (७५), मग गर्दीच्या एसटीतून मिरजेपर्यंत उभ्याने (९०). सुरुवात ३०–४० च्या पायरीपासून. निघण्याआधी एका ओळीत लिहा, ‘काय होईल असं वाटतंय’. परत आल्यावर तिच्याखाली, ‘काय झालं’. महिन्याभराने ती वही कुठल्याही समजावणीपेक्षा जास्त बोलते.

एका वेळी किती थांबायचं? साधारण ३० ते ४५ मिनिटं, किंवा गुण निम्म्यावर येईपर्यंत. भीती चढते, एका जागी थबकते आणि मग हळूहळू उतरते. शिखरावर असताना पळालात तर सुटकेचा जो सुस्कारा सुटतो त्यातून शरीर ‘पळालो म्हणून वाचलो’ हा धडा घेतं, आणि उद्या तीच पायरी आणखी उंच वाटते. एखाद्या दिवशी गुण उतरलेच नाहीत, तरी ठरलेला वेळ बसून राहिलात आणि भाकीत खोटं ठरलं तर दिवस फुकट गेला नाही. तीच पायरी आठवड्यातून चार-पाच दिवस करा. शिखर ३० च्या आसपास येऊ लागलं की पुढची. ‘शून्य होईपर्यंत थांबतो’ म्हणाल तर जन्मभर फुटपाथवर बसाल.

इथे काय काय बिघडतं ते जास्त महत्त्वाचं. बाकावर बसून मोबाईलमध्ये डोकं घातलं तर तुम्ही स्टँडवर नव्हताच. आवाज कानावर येऊ द्यायचा, बसच्या पाट्या वाचायच्या, माणसं बघायची. रिकाम्या पोटी, अपुऱ्या झोपेवर किंवा लागोपाठ तीन-चार चहा ढोसून जाऊ नका. चहा-कॉफीने वाढलेली धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक शरीराला कळत नाही. निघण्याआधी अल्प्राझोलामसारखी भीती दाबणारी गोळी घेतली तर श्रेय गोळीला जातं, म्हणजे तीही भिंतच. मात्र ती महिनोन्‌महिने रोज चालू असेल तर मनाने बंद करू नका, अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

श्वासाबद्दल सगळे सांगतात, पण अर्धवट. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. हे निघण्याआधी आणि परत आल्यावर. स्टँडवर भीती दाबण्यासाठी तेच वापरत बसलात तर तोही दोरा होतो. अपवाद एकच: डोळ्यांपुढे ट्रकच दिसायला लागला, आजूबाजूचं भान सुटायला लागलं, तर पाय जमिनीवर दाबा, तोंडावर गार पाणी मारा, आजची तारीख आणि ‘सांगली स्टँड, फलाट’ असं मोठ्याने म्हणा. लोक बघतील, बघू देत. असं भान वारंवार सुटत असेल तर या पायऱ्या एकट्याने चढू नका. झोपेसाठी दारू लागत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तरीही नाही. त्या विचारांसाठी उद्याची वाट बघू नका: टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मराठीतही चालतो.

डॉक्टरांनी निदान केलंय, पण उपचार काय चाललाय ते तुम्ही लिहिलं नाही. नुसती झोपेची गोळी चालू असेल तर ती पीटीएसडीवरचा उपचार नव्हे. आघाताच्या आठवणीवर थेट काम करणाऱ्या समुपदेशनाचा आधार सर्वांत भक्कम आहे. त्यातल्या टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात, विचारांची फेरमांडणी करण्याच्या पद्धतीत १२. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही तिसरी. औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांचा उपयोग होतो, पण परिणाम दिसायला काही आठवडे द्यावे लागतात. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. तिथल्या मानसोपचार ओपीडीत सरळ विचारा: ‘आघातावरचं समुपदेशन इथे होतं का, नसेल तर कुणाकडे पाठवता?’ तिथे ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगू नका. अपघात, मागून येणारे आवाज, टाळलेली ठिकाणं, झोप, हे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून न्या, कारण गर्दीच्या ओपीडीत वेळ थोडाच मिळतो.

हे उत्तर सांगलीचे इतरही वाचतील म्हणून पुराबद्दल दोन ओळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यात अडकलेल्यांना पावसाळ्यात नुसत्या बातमीने घाम फुटतो, आणि त्यांना ‘आता धोका नाही’ सांगणं खोटं ठरेल. त्यांनी निर्णय छातीच्या धडधडीवर न सोडता आकड्यावर सोडावा: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं ते माहीत असतंच. त्याच्या आधीचा एक आकडा उन्हाळ्यातच ठरवून भिंतीवर लिहावा, आणि पाणी वाढत असताना दिवसातून ठरावीक दोन-तीन वेळाच पातळी बघावी.

राहता राहिले घरचे. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, समोरून नावाने हाक मारायची. दचकलात तर हसायचं नाही आणि मिठीही मारायची नाही, ‘एसटीचा हॉर्न आहे’ एवढं साध्या आवाजात सांगायचं. भाऊ सोबत येत असेल तर पहिल्या आठवड्यात त्याने बाकावर शेजारी बसावं, दुसऱ्यात पलीकडच्या फलाटावर, तिसऱ्यात बाहेर चहाच्या टपरीवर. चौथ्या आठवड्यात त्याने घरीच थांबावं, आणि दर पाच मिनिटांनी ‘ठीक आहेस ना?’ म्हणून फोन करू नये.